एडक्याचं कपाळ

स्वप्नालीनं चौथा चावा घेतला तो करिष्माच्या गालाचा. आधीचे तीन दंडावरचे होते, ते फ्रॉकच्या बाहीखाली खपून गेले. गाल कुठं झाकणार? अंगणवाडीच्या वर्षाराणीताई भर दुपारी नेकनूरहून वस्तीवर चालत आल्या आणि दिलेलं पाणीसुद्धा न पिता बोलल्या.

"पोरगी हुशार हाय. गाणी पाठ, रंग पाठ. पण राग आला की तिला कायबी दिसत न्हाई. करिष्माची आई म्हणती, ती तरी येईल न्हाईतर आमची तरी. तुमी हिला डॉक्टरला दाखवा, मग पाठवा."

ताई वळणाआड गेल्या आणि रामेश्वरनं, म्हणजे पोरीच्या बापानं, तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. साडेचार वर्षांची पोर, पण रडली नाही. बापाकडं डोळे रोखून तशीच उभी राहिली, म्हणून त्याला आणखी चेव आला आणि तिसरा धपाटा बसला.

"खाण तशी माती," आजी दगडाबाई चुलीपाशी काटक्या मोडत म्हणाली. "आज्याचं रगत हाय ते. मारून जातंय व्हय?"

आजा, म्हणजे आश्रुबा, ओट्यावर बसून एका मेंढीच्या लोकरीतले गोखरू वेचत होता. आता खोटं कशाला बोला, म्हातारा मनातून खूष झाला. परक्याच्या पोरीचा गाल फुटला याचं वाईट वाटायचं सोडून आपलं रक्त नातीत उतरलं याचा त्याला आनंद. दुसऱ्याच्या पोरात दिसली तर ती खोड, आपल्या पोरात दिसली तर तो वारसा. जगाची रीतच आहे, एकट्या आश्रुबाला काय बोलायचं!

आश्रुबाचा राग पंचक्रोशीत ठाऊक होता. तरुणपणी त्यानं आठवडी बाजारात वजनात मारणाऱ्या एका माणसाचा तराजू उचलून विहिरीत फेकला होता. ती गोष्ट तीस वर्षं ओट्यावर सांगितली जात होती आणि दर वेळी विहीर थोडी आणखी खोल होत होती. दुसरी एक गोष्ट होती. रामेश्वर आठ वर्षांचा असताना त्याच्या नजरचुकीनं मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली. बापानं त्याला दंडाला धरून असं भिरकावलं की पोराचं डावं कोपर निखळलं. ते अजून पुरतं सरळ होत नाही. ही गोष्ट मात्र कोणी सांगत नसे.

आश्रुबाला रागाची आणखी एक हौस होती. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात कोंडली की चार माणसं ओट्यावर यायची. स्वप्नाली, घरच्यांची सपी, हातात भाकरीचा तुकडा घेऊन आज्यापाशी येऊन बसायची. आश्रुबा तो तुकडा हळूच काढून घ्यायचा आणि पाठीमागं लपवायचा. "घे की, घे. न्हाई देत, जा." आधी ती हसायची. मग मागायची. मग पाय आपटायची. तरी तुकडा मिळायचा नाही, मग तिचा चेहरा लाल व्हायचा आणि दोन्ही मुठींनी ती आज्याला बडवायला लागायची. माणसं मांड्यांवर थापा मारून हसायची. "वाघीण हाय बे, वाघीण!" कोणीतरी म्हणायचं. मग आश्रुबा बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवायचा. यात त्याच्या मनात काडीचं पाप नव्हतं. घरात त्याचा सगळ्यांत जास्त जीव त्या पोरीवरच होता.

सून ऋतुजा चुलीपाशी भाकरी थापताना हे रोज पाहायची. ती चौसाळ्याची, बारावी शिकलेली, बोलायला कमी. "मामा, नका चिडवू तिला," असं ती तीन-चारदा म्हणाली होती.

"आगं, खेळतोय," आश्रुबा म्हणायचा.

करिष्माच्या गालाला आठवडा झाला नाही तोच पाचवा चावा आला. आठ महिन्यांचा धाकटा हनुमान रांगत रांगत बहिणीपाशी गेला आणि त्यानं तिची बांगडी धरून ओढली. तिनं त्याचं बोट तोंडात धरून दाबलं. पोराचं नख काळंनिळं झालं. रामेश्वर कमरेचा पट्टा काढत आला, तशी ऋतुजा मधे उभी राहिली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती सासऱ्यासमोर येऊन बोलली. "मामा, मंगळवारी सपीला अंबाजोगाईला दाखवते. आन गुरुवारी तिला चौसाळ्याला आईकडं नेऊन ठेवते. पहिलीत जाईपर्यंत राहील तिथं."

"दोन वरीस?" आश्रुबा म्हणाला. "आपलं घर असताना लेकरू परक्या दारी कावून?"

"तिथं तिला मारणारं कोणी न्हाई, आन चिडवून हसणारंबी कोणी न्हाई."

दगडाबाईनं तोंडाला पदर लावला. बायको एकदा ठरवून बोलली की मागं फिरत नाही हे रामेश्वरला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मंगळवारी रामेश्वर मेंढरांमागं गेला आणि दवाखान्याच्या वाटेला आश्रुबा निघाला. बाळाची पिशवी धरायला म्हणून तो आला होता, पण डोक्यात दुसरंच होतं. डॉक्टरीणबाईच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं, की पोरीला कसलाही रोग नाही, रक्तच तापट आहे. मग सुनेला पोरगी पाठवायला तोंड उरणार नाही. एसटीत त्यानं नातीला खिडकी दिली आणि केज येईपर्यंत रस्त्यातली सगळी जनावरं तिला मोजून दाखवली.

डॉक्टर सत्यशीला चाळिशीच्या होत्या, आवाज बारीक. त्यांनी स्वप्नालीला कोपऱ्यात लाकडी ठोकळे दिले आणि ऋतुजाला खोदून खोदून विचारलं. पोर जन्मली तेव्हा वजन किती, झोपते किती, ऐकू नीट येतं का, बोलायला कधी लागली. मग त्यांनी विचारलं, "घरात लहानपणी असं आणखी कोणी होतं?"

आश्रुबा याच प्रश्नाची वाट बघत होता. "मी," तो छाती काढून म्हणाला. "पाचव्या वर्षी चुलतभावाचं डोकं फोडलंतं. बापानं लिंबाला बांधून झोडपलं."

"मग तुमचा राग कमी झाला?"

"रगत हाय बाई ते. मारून जातंय व्हय?" बायकोचं वाक्य त्यानं जसंच्या तसं उचललं.

"नाही जात," बाई म्हणाल्या, आणि आश्रुबानं सुनेकडं बघितलं. पण बाई पुढं बोलत राहिल्या. "काही मुलं जन्मापासून लवकर पेटणारी असतात. हिला ते तुमच्याकडून आलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यानं मूल चावत नाही, आजोबा. तसंच मूल घरात कोणी शांतपणानं सांभाळलं, तर चिडतं, रडतं आणि हळूहळू सावरायला शिकतं. मारलं, चिडवलं, तर बिघडायची भीती त्यालाच जास्त. एखादं गरीब स्वभावाचं मूल तशाच घरात निभावून नेतं. हिला ते जमणार नाही." मग त्यांनी ऋतुजाला विचारलं, "ती चिडली की घरात काय होतं?"

ऋतुजा मांडीवरच्या बाळाकडं बघत राहिली. "हे मारतात. मामा हसतात आन गूळ देतात. मी..." ती अडखळली. "मी वरडते. कधी कधी दार लावून घेते."

खोलीत ठोकळे पडल्याचा आवाज झाला. आश्रुबाचे कान तापले. परक्या बाईसमोर, सरकारी खोलीत, सुनेनं आपल्याला नावं ठेवावीत!

बाईंनी औषध दिलं नाही. तीनच गोष्टी सांगितल्या. पोर मारायला उठली तर हात धरायचा, पण उलटं मारायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. आणि राग आला की तो तोंडानं सांगायला तिला शिकवायचं. त्यासाठी आधी मोठ्या माणसांनी स्वतःचा सांगायचा. पंधरा दिवसांनी परत या म्हणाल्या. चौसाळ्याचं ऋतुजानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आईपासून तोडणं चांगलं नाही. पण घरात हे असंच चालणार असेल तर तेही चांगलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

परतीच्या एसटीत आश्रुबा केजपर्यंत फुगून बसला होता. शेवटी म्हणाला, "माझी चहाडी केलीस."

"चहाडी न्हाई, मामा. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

स्वप्नाली आज्याच्या मांडीवर झोपली होती. तिच्या तोंडातून लाळ गळून त्याचं धोतर भिजलं होतं. परवापासून ही मांडी रिकामी, एवढंच आश्रुबाला कळत होतं, आणि त्यावर काय करायचं ते कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी त्रिंबक आला. त्रिंबक म्हणजे आश्रुबाचा लहानपणापासूनचा सोबती; दोघं आश्रुबाच्या बापाच्या हाताखाली मेंढरं राखायला शिकले. एकाच कळपात तेच रक्त फिरत राहू नये म्हणून मेंढरंवाली माणसं दोन-तीन वर्षांनी एकमेकांचे एडके बदलून घेतात, त्यासाठी तो आला होता. आश्रुबाकडं तयार नर दोन. दोघं जुळे, एकाच मेंढीच्या पोटचे, अंगानं सारखे. एक कळपात मोकळा चरत होता. दुसरा भिंतीपाशी साखळीनं बांधलेला होता आणि त्याचं नाव बाळ्या. कळपातल्याला नाव नव्हतं.

त्रिंबकनं आधी बाळ्याकडं पाऊल टाकलं. बाळ्या दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि साखळी ताणेपर्यंत असा सुटला की त्रिंबक उडी मारून बाजूला झाला.

"आरं तिच्या! ह्यो कावून असा?"

"आईला दोघांपुरतं दूध न्हवतं. ह्याला घरात बाटलीवर वाढवला."

"बाटलीवरलं तर माणसाला लाडानं चिकटतंय."

"कपाळाला हात लावला ना ह्याच्या," आश्रुबा वैतागून म्हणाला. "इवलंसं कोकरू होतं, ओट्यावर येणारं जो तो कपाळाला तळवा लावून ढकलायचा. ते फुगून ढुशी द्यायचं. जितकं ढकलावं तितकं जोरात यायचं. आता अंगात ताकद आली, माणूस दिसला की येतंय. दगडीची मांडी सुजवली त्यानं."

"पांढऱ्या मेंढीचंबी एक बाटलीवर होतं ना तुझ्याकडं? त्याला ढकललं न्हाई व्हय?"

"ढकललं की. ते पळून दगडीच्या लुगड्यामागं लपायचं. त्याची आई गरीब, तेबी गरीब. आजबी कोणाच्या वाटंला जात न्हाई."

"आन ह्याचा जुळा?"

"तोबी तापटच. दुसऱ्या एडक्याला जवळ उभा राहू देत न्हाई. पण माणसाला आजवर शिवला न्हाई. कळपात वाढला, त्याच्या कपाळाला कोणाचा हातच पोचला न्हाई."

त्रिंबकनं पागोटं सारखं केलं. "रगत तेच, मग आपण ह्याला काय दिलं ते बघ. तुझ्या बापानं पहिल्या दिवशी सांगितलंतं आपल्याला, भाकर खाऊ नका एक वेळ, पण एडक्याच्या कपाळाला हात लावू नका. तू घरात असून लावू दिलास कसा बे?"

"गंमत वाटली," आश्रुबा म्हणाला. "कोकरू रागावलं की लई गोड दिसायचं."

म्हणाला आणि तिथंच थांबला. त्रिंबक कळपातल्या नराचे दात बघायला गेला, त्याच्या खुरांबद्दल काहीबाही विचारत राहिला, पण आश्रुबाचं उत्तर येईना. अंगणात स्वप्नाली मातीत बसून शेणकुटाचे तुकडे ओळीनं लावत होती आणि वर्षाराणीताईंचं गाणं म्हणत होती. आश्रुबा तिच्याकडं बघत राहिला. डॉक्टरीणबाईनं एवढं समजावलं ते त्याच्या डोक्यात गेलं नव्हतं. स्वतःच्या तोंडचं गेलं. त्याला लाज वाटली, आणि साठाव्या वर्षी पहिल्यांदा वाटलेली लाज फार जड असते. त्रिंबक आपला एडका ठेवून बिनानावाचा नर घेऊन गेला.

संध्याकाळी ओट्यावर नेहमीची माणसं जमली. घरात ऋतुजा पिशवी भरत होती. फ्रॉक, टॉवेल, अंगणवाडीचं पुस्तक. स्वप्नाली भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. आश्रुबानं तिला जवळ घेण्याआधीच शेजारच्या मळ्यातल्या अमरसिंहनं हात लांबवून तुकडा काढून घेतला. त्याचा तरी काय दोष, रोजचाच खेळ होता.

"काय वाघीण? घे की, घे. न्हाई देत, जा."

पोरगी हसली नाही. आजकाल ती हसण्याची पायरी गाळायलाच लागली होती. ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं मान खाली घातली.

आश्रुबा ताडकन उठला. "ठेव ती भाकर खाली!" भिंतीला टेकवलेली काठी त्याच्या हातात आली आणि खांद्याच्या वर गेली. माणसं हसली, त्यांना हाही खेळच वाटला. पण ती काठी खरोखर अमरसिंहच्या डोक्यात बसणार होती, हे आश्रुबाला माहीत होतं. त्याच क्षणी त्याला डाव्या बाजूला काहीतरी हललेलं दिसलं. स्वप्नालीनं कोकरं हाकायची छडी उचलली होती. तोच खांदा वर, तोच पाय पुढं, आणि डोळे आज्याच्या काठीवर.

आश्रुबानं काठी खाली केली. "मला राग आलाय," तो म्हणाला. ते शब्द त्यालाच येडगळ वाटले. एवढा पिकला गडी, आणि बोबडं पोर बोलल्यासारखं बोलतोय.

"आबा, बरं वाटत न्हाई का?" अमरसिंहनं विचारलं.

"मला लई राग आलाय. तुझा न्हाई, माझाच. तिची भाकर तिला दे."

अमरसिंहनं तुकडा ओट्यावर ठेवला. पण पोरीचा राग पेटला होता, तो असा कसा विझेल? तिनं छडी आज्याच्या नडगीवर हाणली. एकदा, दोनदा. आश्रुबानं तिसऱ्यांदा तिचा हात धरला आणि छडी काढून घेतली. तो हसला नाही. तो हसत नाही म्हटल्यावर बाकीचेही गप्प झाले.

स्वप्नाली थांबली. मग तिनं दुसरा हात पुढं केला, तळहात वर करून, बोटं जुळवून, अगदी रोजच्यासारखा. मारून झालं होतं. आता गूळ.

तो एवढासा तळहात बघून आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाई, सपे," तो खाली बसला. "आज गूळ न्हाई. तुला राग आलाय. मलाबी आलाय. बस हितं."

पोरीला काही कळेना. तिनं हात आणखी पुढं केला, मग त्याच्या खिशात घालायला गेली, आणि ते जमेना तेव्हा त्याच्या मनगटाला कडकडून चावली. आश्रुबानं दात आवळले, पण हात सोडला नाही आणि उगारलाही नाही. तिनं तोंड काढलं, त्याच्या मनगटावरचे दातांचे वण बघितले, आणि मग तिनं भोकाड पसरलं. कित्येक महिन्यांत कोणी तिला रडताना ऐकलं नव्हतं. साडेचार वर्षांची पोर जशी रडते तशी ती रडली, नाक गाळत, श्वास अडकवत.

रडणं ऐकून रामेश्वर वाडग्याकडून धावत आला. बापाचं मनगट बघितलं आणि त्याचा उजवा हात वर गेला.

"रामेश्वर, थांब."

"तुमी मधी पडू नका, आबा. तुमालाबी चावली न्हाई का ती?"

"तुला मी असाच मारायचो. कमी झाला का तुझा राग?"

रामेश्वरचा हात तसाच वर राहिला. ओट्यावरची माणसं पायांकडं बघायला लागली.

"तुझ्या कपाळालाबी मीच हात लावला, लेका," आश्रुबा म्हणाला. "बाहेरच्यानं न्हाई. मी."

रामेश्वर मेंढरांतच वाढलेला. त्याला यापुढं समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा उजवा हात खाली आला आणि त्यानं स्वतःचं डावं कोपर धरलं. थंडीत ते दुखायचं तेव्हा धरायचा तसं. मग तो मागं न बघता वाडग्याकडं निघून गेला, आणि बराच वेळ उगाच जाळी बांधत-सोडत राहिला. अमरसिंह आणि बाकीचे रामराम न करताच उठले.

ऋतुजा दारात उभी होती, खांद्यावर बाळ, हातात भरलेली पिशवी. तिनं सगळं बघितलं होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं होतं," ती म्हणाली.

"जा," आश्रुबा म्हणाला. "तिच्या भल्याचं असलं तर घेऊन जा, माय. मी आडवा येणार न्हाई."

ऋतुजानं पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली, न उपसता, भरलेली तशीच.

"आठ दिवस बघते, मामा. कोणी हसलं, की पोरगी चौसाळ्याला."

वाडग्याकडून रामेश्वरचा आवाज आला. "आन कोणी मारलं तर?"

"मग आमी तिघंबी," ऋतुजा म्हणाली आणि आत गेली.

ओट्यावर दोघंच उरली. स्वप्नालीचे हुंदके हळूहळू लांब लांब झाले. आज्याच्या मांडीवर बसून तिनं भाकरीचा तुकडा उचलला, त्याला लागलेली माती झटकली आणि खायला लागली. अर्धा संपल्यावर तिनं वर बघितलं.

"आबा, तुला राग आलाय?"

"आलाय."

"लई?"

"लई."

ती विचारात पडली. तिच्या समजुतीप्रमाणं पुढं काय व्हायला पाहिजे ते तिला पक्कं ठाऊक होतं. "मग तुला गूळ कोण देणार?"

आश्रुबाला हसू आलं. पार ओठांपर्यंत आलं. दारामागची पिशवी त्याला बसल्या जागेवरून दिसत होती. त्यानं ते हसू गिळलं आणि नातीच्या नाकाला धोतराचा सोगा लावला.